मघा-पूर्वा-उत्तराच्या रानात वाकडी गॅलेक्सी हुडकायची कशी (एकदम नवीन लोकांसाठी)

आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही नावं शिकवावी लागत नाहीत, ऑगस्ट-सप्टेंबर आला की पारावर दुसरं बोलणंच नसतं, मघा पडल्या का, पूर्वाचं वाहन काय आहे यंदा, उत्तरानं तरी सोयाबीन वाचंल का. पण हीच नक्षत्रं आभाळात कुठं असतात असं विचारलं की दहातले नऊ जण गप. मीबी गप होतो. नंतर दुर्बिणीचा नाद लागला आणि कळलं की पूर्वा नक्षत्राच्या अगदी पायाशी एक अख्खी वाकडी झालेली गॅलेक्सी बसलीये, म्हणजे मराठीत दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा गोतावळा, आणि ती बघायला लाखाची दुर्बीण लागत नाही, फक्त अंधार लागतो, जो आपल्याकडं अजून फुकट मिळतो.

गॅलेक्सीचं नाव एम ६६, म्हणजे मेसियर नावाच्या जुन्या फ्रेंच धूमकेतू शोधणाऱ्याच्या यादीतला ६६ नंबर. तिच्या शेजारी एम ६५ आणि एनजीसी ३६२८ अशा अजून दोन, एनजीसी ही तसलीच दुसरी यादी. तिघींना मिळून लिओ ट्रिप्लेट म्हणतात, लिओ म्हणजे आपली सिंह रास. खाली जे लिहिलंय ते मी स्वतः चुका करून शिकलेलो आहे त्यामुळं जरा पाल्हाळ होईल, चालवून घ्या.

सगळ्यात आधी दिवस ठरवा, बाकी सामान नंतर

मी पहिल्यांदा हा उद्योग केला तो होळीच्या रात्री. गावाकडं गेलो होतो, सुट्टी होती, म्हटलं चला रानात. तीन तास मान मोडून घेतली, काही म्हणजे काही दिसलं नाही. नंतर डोकं लावलं तेव्हा स्वतःचंच हसू आलं. फाल्गुन महिन्याचं नावच मुळात फाल्गुनी नक्षत्रावरून पडलंय, कारण त्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र पूर्वा किंवा उत्तरा फाल्गुनीच्या आसपास असतो. म्हणजे होळी पौर्णिमेला मी जी पुसट गॅलेक्सी हुडकत होतो तिच्या बाजूलाच चंद्राचा हॅलोजन लावलेला. वर्षातली सगळ्यात वाईट रात्र मी निवडली होती!

तर मग चांगली रात्र कोणती? त्याच्या पुढं पंधरा दिवसांनी येणारी अमावस्या, पाडव्याच्या आदल्या दिवसाची. ती रात्र आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे चार-पाच दिवस. मार्चअखेरीला ही गॅलेक्सी रात्री साडेअकराच्या सुमाराला सगळ्यात उंच येते, एप्रिलअखेरीला साडेनऊच्या सुमाराला. मेमध्येपण दिसते पण मग अंधार पडल्या पडल्या बघायची, नंतर ती पश्चिमेला कलते आणि तिकडं वळवाचे ढग जमा व्हायला लागतात. लातूर-धाराशिवकडचे काही जण विचारतात की येळवसला, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या वेळ अमावस्येला, शेतात असतोच की आपण, तेव्हा जमंल का. जमंल, पण तेव्हा सिंह रास रात्री दहाच्या पुढं कुठं नीट उगवते आणि चांगली वर यायला दोन वाजतात, आंबील पिऊन तोवर जागं राहणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

आता पावसाळ्याचा घोळ. माझे मामा पहिल्यांदा मला म्हणले, "मघा-पूर्वा तर पावसात असत्यात, तू उन्हाळ्यात कुठं हुडकायलास त्यांना?" प्रश्न बरोबर आहे. पंचांगात 'मघा लागल्या' म्हणजे सूर्य मघा नक्षत्रात शिरला, साधारण १६-१७ ऑगस्टला. सूर्यच तिथं बसलाय म्हणल्यावर त्या चांदण्या सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबरच मावळणार, दिसणार कशा? त्या रात्री दिसायला सूर्य आभाळाच्या दुसऱ्या टोकाला पाहिजे, म्हणजे सहा महिन्यांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून ज्या नक्षत्रांच्या नावानं आपण पाऊस मोजतो ती नक्षत्रं डोळ्यांनी बघायची वेळ भर उन्हाळ्यात, रब्बीच्या राशी चालू असताना. जुनी म्हण आहे ना, न पडतील मघा तर वरतीच बघा, ती मी आता वेगळ्या अर्थानं घेतो.

जागा

शहरातून जमत नाही, उगा हौस करू नका. संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी कुठलंही असो, गावाबाहेर वीस-पंचवीस किलोमीटर गेल्याशिवाय मजा नाही. बालाघाटच्या माळावर, बीड-अंबाजोगाई-पाटोदा पट्ट्यात, किंवा हिंगोलीकडं अजून बऱ्यापैकी अंधार आहे. कुणाचा तरी आखाडा असेल तर बेस्ट, फक्त मालकाला आधी सांगून जा, नाहीतर रात्री बॅटऱ्या घेऊन पोरं रानात काय करायलीत म्हणून गाव गोळा होतं, हे माझ्याबाबतीत झालंय. विहिरीवरच्या मोटारी चोरणारे समजले होते.

जवळपास उसाचं पाचट पेटवलेलं नसावं, मळणीयंत्र चालू नसावं. धूर आणि धुरळा दोन्ही पुसट गोष्टींचे शत्रू. उलट अवकाळी येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी आभाळ निवळलं तर काच धुतल्यासारखं दिसतं, शेतकऱ्याचं नुकसान झालेलं असतं त्यामुळं आनंद व्यक्त करायलापण कसंतरी वाटतं, पण खरं आहे ते.

विंचू. उन्हाळ्यात रानात अंधारात चप्पल घालून फिरू नका, बूट घाला. जमिनीवर सतरंजी टाकून आडवं होऊ नका, मण्यार रात्रीच फिरते. बाज किंवा खाट घ्या. जुन्या वाड्याचं माळवद असेल आणि गाव लहान असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, फक्त कडेला जाऊ नका, अंधारात कठडा नसतो हे विसरायला होतं.

सामान किती पाहिजे

१०x५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ५० एमएमची, बायनॉक्युलर असली तरी सुरुवात होते. अंधार चांगला असेल तर त्यात एम ६५ आणि एम ६६ हे दोन पुसट ठिपके म्हणून कळतात, जास्त अपेक्षा नको. सहा किंवा आठ इंची डॉब्सोनियन टेलिस्कोप, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरचा आरशाचा टेलिस्कोप, कुणाकडं असेल तर तिघी एकत्र दिसतात, आठ इंचीला २५ एमएमची आयपीस, म्हणजे डोळा लावायची काच, लावली की जवळजवळ एक अंशाचं, म्हणजे शेजारी शेजारी दोन चंद्र बसतील एवढं, आभाळ दिसतं आणि तिन्ही त्यात बसतात. खोक्यावर ५७५ पट मोठं दिसतं असं छापलेल्या स्वस्त टेलिस्कोपच्या नादी लागू नका, मी लागलो होतो, स्टँड असा हलायचा की चंद्रपण लेझीम खेळतोय असं वाटायचं. या कामात पट महत्त्वाचे नाहीत, पुढच्या काचेचा किंवा आरशाचा व्यास महत्त्वाचा, कारण तो उजेड गोळा करतो. गॅलेक्सी बारीक आहे म्हणून दिसत नाही असं नसतं, ती पुसट आहे म्हणून दिसत नाही.

टॉर्चला लाल जिलेटीन कागद बांधा, दोन पदर. मोबाईल खिशात. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि व्हॉट्सॲपचा एक मेसेज बघितला की सगळं पाण्यात, परत पहिल्यापासून. स्टेलेरियम नावाचं फुकट ॲप आहे ते घरूनच उघडून नकाशा डोक्यात बसवा किंवा कागदावर काढून घ्या. मी कागदच वापरतो.

आता सिंह हुडका

उत्तरेला सप्तर्षी सगळ्यांना माहीत असतात. त्यातल्या ज्या दोन ताऱ्यांवरून आपण ध्रुव शोधतो, त्याच दोन ताऱ्यांची रेघ ध्रुवाच्या उलट्या बाजूला वाढवली की आपण सिंहात जाऊन पडतो. तिथं पहिल्यांदा डोळ्यात भरतो तो विळा. इंग्रजीतपण त्याला विळाच म्हणतात, आणि खरंच खुरपणीचा नाही तर कापणीचा विळा वाटतो, काहींना उलटं प्रश्नचिन्ह वाटतं. विळ्याच्या मुठीच्या टोकाला ठळक तारा आहे ती मघा. तिचा उजेड आपल्याकडं यायला जवळपास ७९ वर्षं लागतात, म्हणजे आत्ता आपण जो बघतोय तो आज्याच्या जमान्यातला.

विळा म्हणजे सिंहाची मान आणि आयाळ. त्याच्या पूर्वेला तीन ताऱ्यांचा त्रिकोण आहे, ते सिंहाचं ढुंगण आणि शेपूट. शेपटीच्या टोकाचा तारा ती उत्तरा. आणि त्रिकोणाच्या विळ्याकडच्या बाजूला एकाखाली एक दोन तारे आहेत, ती पूर्वा. आपलं काम या दोघांशी. उत्तरेकडचा जरा ठळक आहे, त्याला झोस्मा म्हणतात, दक्षिणेकडचा जरा मंद, त्याला चेर्तान. दोघांच्यात पाच अंशांचं अंतर, हात लांब करून मधली तीन बोटं धरली तर मध्ये मावतात.

मी इथं एक रात्र घालवलीये. पूर्वा समजून झोस्मा आणि उत्तरा ही जोडी धरली आणि भलत्याच दिशेला जाऊन नसलेली गॅलेक्सी शोधत बसलो. तुमचं तसं होऊ नये म्हणून आधी विळा पक्का करा, मगच त्रिकोण.

शेवटची उडी

झोस्मापासून चेर्तानपर्यंत रेघ काढा. ती तशीच दक्षिणेला पुढं वाढवा, पण पूर्ण नाही, निम्मी. म्हणजे अडीच अंश. आणि मग किंचित उत्तरा ताऱ्याच्या बाजूला सरका, करंगळीभर. झालं, तिथंच आहे!

बायनॉक्युलरनं करताना चेर्तान आधी मध्ये आणा. मग हळू दक्षिणेला सरकलं की दोन अंशांवर एक मंद तारा लागतो, त्याचं नाव ७३ लिओनिस. हा आपला मैलाचा दगड. त्याच्यापासून पूर्वेला पाऊण अंशावर, म्हणजे दीड चंद्र बसतील एवढ्या अंतरावर, एम ६५, आणि तिच्यापुढं लगेच एम ६६. टेलिस्कोपमध्ये उलटं दिसतं त्यामुळं पूर्व-पश्चिम कोणती याचा गोंधळ होतो, त्यावर सोपा उपाय, टेलिस्कोप हलवू नका, तारे आपोआप ज्या बाजूनं बाहेर जातात ती पश्चिम.

७३ लिओनिसचा अजून एक उपयोग आहे. हा तारा बिनदुर्बिणीचा, नुसत्या डोळ्यानं दिसत असेल तर तुमचं आभाळ एक नंबर आहे. तो नाही दिसला तरी प्रयत्न करायला हरकत नाही. पण चेर्तानच दिसत नसेल तर सामान गुंडाळा, चहा पिऊन घरी जा.

एक अडचण आपल्या भागाची खास आहे. लातूरच्या अक्षांशावरून ही गॅलेक्सी सगळ्यात उंच असताना थेट डोक्यावर येते, फक्त पाचेक अंश दक्षिणेला. ऐकायला भारी वाटतं, कारण डोक्यावर हवेचा थर सगळ्यात पातळ, चित्र स्वच्छ. पण डॉब्सोनियन सरळ वर केला की तो डावी-उजवीकडं फिरवताना झुंजायला लागतो, जरा हलवायला जावं तर भलतीकडंच जातो, आणि बायनॉक्युलरवाल्याची तर मानच जाते. म्हणून टेलिस्कोपवाल्यांनी ती डोक्यावर येण्याच्या दीड-दोन तास आधी किंवा नंतर बघा. बायनॉक्युलरवाल्यांनी बाजेवर उताणं पडून बघा, कोपर छातीला टेकवून, हात थरथरत नाहीत.

दिसतं काय नेमकं

खरं सांगतो, पहिल्यांदा निराशा होते. नेटवर हबल या अवकाशातल्या दुर्बिणीचा फोटो बघितलेला असतो, निळ्या-गुलाबी भुजा आणि धुळीचे काळे पट्टे, जेम्स वेब या तिच्यानंतरच्या अवकाश दुर्बिणीनं काढलेला गॅलेक्सीचा फोटो २०२४ च्या जानेवारीत आला तो तर जाळीदार विणकाम वाटतं. आणि आपल्याला दिसतो राखाडी डाग. रंग नाही काही नाही. पुसट उजेडात आपले डोळे रंग ओळखतच नाहीत, त्यात दुर्बिणीचा दोष नाही.

थेट तिच्याकडं बघू नका. नजर जरा बाजूला ठेवा आणि लक्ष तिच्यावर. आपल्या बुबुळाच्या अगदी समोरच्या पडद्यावर अंधारात काम करणाऱ्या पेशी नसतातच, त्या कडेला असतात, म्हणून तिरप्या नजरेला पुसट वस्तू जास्त चांगली कळते. लग्नात पोरगी बघायला गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. टेलिस्कोपच्या नळीला हळूच एक टिचकी मारा, डाग हलला की डोळा पकडतो.

एम ६६ तिघींत सगळ्यात उजळ, लांबट अंडाकृती. एम ६५ तिच्या शेजारी जरा सडपातळ. दोघींच्या मध्ये चंद्राच्या रुंदीपेक्षाही कमी अंतर. तिसरी एनजीसी ३६२८ उत्तरेला थोडी दूर, ती लांबलचक पण फारच फिकट पट्टी, कारण ती आपल्याला कडेवरून दिसते, भाकरी ताटात बघण्याऐवजी बाजूनं बघावी तशी. बायनॉक्युलरमध्ये ती दिसली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. मेसियरच्या यादीत एम ६५, एम ६६ आहेत पण ही तिसरी नाही, ती विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञानं १७८४ मध्ये नोंदवली. त्याहून मजा म्हणजे १७७३ च्या नोव्हेंबरमध्ये एक धूमकेतू बरोबर एम ६५ आणि एम ६६ च्या मधून गेला, मेसियर तो धूमकेतू बघत होता, आणि तरी त्याला या दोघी दिसल्या नाहीत, धूमकेतूच्या उजेडामुळं. १७८० च्या मार्चमध्ये कुठं त्यानं त्या यादीत घेतल्या. एवढा पट्टीचा माणूस सहा वर्षं हुकला, आपण दोन रात्री हुकलो तर काय बिघडतं.

वाकडी कशी झाली

हे नीट कळलं तरच तो राखाडी डाग बघायला मजा येते, नाहीतर डाग तो डागच.

सर्पिल गॅलेक्सी म्हणजे चकली समजा. मध्ये गाभा, त्याच्याभोवती गुंडाळत गेलेल्या भुजा, त्यात अब्जावधी तारे, वायू, धूळ. एम ६५ बरीचशी अशी नीटस चकली आहे. पण कढईत दोन चकल्या जवळ सोडल्या आणि एकीचं टोक दुसरीला लागलं की काय होतं? एक ओढली जाते, एका बाजूला सैल पडते, दुसरीचं टोक सुटून लांब जातं. एम ६६ आणि एनजीसी ३६२८ यांचं कोट्यवधी वर्षांपूर्वी असंच झालं असं मानतात. दोघी टेकल्या नाहीत, नुसत्या जवळून गेल्या, पण गुरुत्वाकर्षणानं एकमेकींना ओढलं. जवळची बाजू जास्त ओढली जाते, लांबची कमी, चंद्रामुळं समुद्राला भरती येते तोच हिशोब, फक्त इथं पाण्याऐवजी तारे आणि वायू. त्यामुळं एम ६६ चा गाभा बरोबर मध्यभागी राहिलेला नाही, भुजा दोन्हीकडं सारख्या नाहीत, एक भुजा तर तिच्या पातळीतून वर उचलल्यासारखी वाटते. आणि ३६२८ च्या मागं ताऱ्यांची शेपूट लांबलीये, जवळपास ३ लाख प्रकाशवर्षं, उजेड एका वर्षात जेवढं अंतर कापतो ते एक प्रकाशवर्ष. ती डोळ्याला दिसत नाही, तासन्‌तासाचा फोटो काढावा लागतो.

हॅल्टन आर्प नावाच्या खगोलशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये अशा ३३८ वेड्यावाकड्या गॅलेक्सींचा ॲटलास काढला, त्यात एम ६६ एकटी १६ नंबरला आहे आणि तिघी मिळून परत ३१७ नंबरला. म्हणजे वाकडेपणासाठी दोनदा हजेरी.

ओढाताणीत वायू दाबला गेला की नवे तारे जन्मतात, त्यातले मोठे मोठे लवकर संपतात आणि फुटतात. एम ६६ मध्ये १९७३, १९८९, २००९ आणि २०१६ मध्ये फुटलेले तारे सापडले, सुपरनोव्हा म्हणतात त्याला. गुरुत्वाकर्षणाचा विषय निघालाच आहे तर, आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगो-इंडिया होणार आहे, केंद्रानं २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची ती यंत्रणा, पण ती अशा गॅलेक्सींची ओढाताण नाही तर कृष्णविवरं एकमेकांत आदळल्यावर उठणाऱ्या लहरी पकडणार. नागनाथाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

अंतर साधारण ३ ते साडेतीन कोटी प्रकाशवर्षं. हा आकडा डोक्यात बसत नाही, मलापण बसत नव्हता. मग मी असं केलं, आपल्या मराठवाड्याचा काळा खडक, ज्यात वेरूळचं कैलास कोरलंय, तो लाव्हा थंड होऊन तयार झालाय साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे तो उजेड तिकडून निघाला तेव्हा आपल्या पायाखालचा दगड पडून तीन कोटी वर्षं झाली होती. माणूस नावाचा प्राणी यायचा होता अजून.

दिसल्यावर काय करायचं

लगेच पुढच्या वस्तूकडं पळू नका. पंधरा मिनिटं तिथंच थांबा, जितका वेळ बघाल तितकं जास्त दिसायला लागतं, हा अनुभव आहे. पेन्सिलीनं वहीत तीन डाग काढा, कोणता उजळ, कोणता लांब, कोणत्या बाजूला कललेला, तारीख-वेळ-जागा टाका. चित्रकला येत नसली तरी काढा, माझी तर ज्वारीच्या दाण्यांसारखी दिसतात. फोटोचं म्हणाल तर नुसत्या मोबाईलनं होत नाही. ट्रायपॉडवरचा डीएसएलआर आणि २०० एमएमची लेन्स असेल तर एक-दीड सेकंदाचे शेकडो फोटो काढून कॉम्प्युटरवर एकावर एक चढवता येतात. आजकाल स्वतःच शोधून स्वतःच फोटो काढणारे स्मार्ट टेलिस्कोपपण आलेत, छान असतात, पण त्यात आपण मोबाईलच बघत बसतो, मग रानात कशाला जायचं हा माझा प्रश्न.

आणि आयपीसची काच शर्टानं, उपरण्यानं पुसायची नाही. हे शेवटी लिहितोय कारण मामांना मी मोठ्या हौसेनं एम ६६ लावून दिली, त्यांनी डोळा लावला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं माणूस हरखला. मग म्हणले, "काचंवर वाफ बसलीय रं," आणि उपरण्याच्या टोकानं खसाखसा पुसली.

ओरखडा अजून आहे. साधा फुगा मिळतो हवा मारायचा, धूळ त्यानं उडवा, बाकी काही करू नका.